जिल्हा परिषदेच्या शाळेत पाच वर्षं काढूनही गरीब पोरांना वाचता का येत नाही?

तुम्ही विचारलंय की झेडपीच्या शाळेत पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारची खिचडी फुकट, गुरुजींना पगार भरपूर, तरी पाचवीतल्या पोराला धड वाचता येत नाही, मग यात दोष नक्की कुणाचा? मी बीड जिल्ह्यात झेडपीचा शिक्षक आहे, सोळा वर्षं झाली नोकरीला, त्यातली नऊ एकाच द्विशिक्षकी शाळेवर काढली, म्हणून जे रोज बघतो तेच लिहितो. जरा लांबेल, समजून घ्या.

तुमचं निरीक्षण खोटं नाहीये. असरचा (खेड्यातल्या पोरांचं वाचन-गणित तपासणारा प्रथम संस्थेचा सर्व्हे) २०२४ चा अहवाल बघा, देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या पोरांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येणारी ४४.८ टक्के. म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. २०२२ ला, करोनानंतर लगेच, हाच आकडा ३८.५ होता, तेव्हा थोडं सावरलंय, पण खुश होण्यासारखं काहीच नाही.

आणि पगाराचंही खरंय. पगार चांगला आहे, वेळेवर होतो, त्याच्यावरच माझं घर उभं राहिलं. आमच्यात न शिकवणारे आहेत का, तर आहेत. तालुक्याहून अपडाऊन करायचं, अकराला पोचायचं, चारच्या गाडीची वाट बघायची, असे मीही पाहिलेत आणि त्यांच्यावर पांघरूण घालायचं मला काही कारण नाही. पण सगळा दोष तिथे टाकून मोकळं झालं की खरी गोष्ट हातातून निसटते. माझ्या मते खरी गोष्ट दिवसांची आहे. गरीब पोराला शाळेत शिकायचे दिवस मिळतात तरी किती, हे कुणी मोजतच नाही.

शिक्षण हक्क कायदा (२००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला) म्हणतो की पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. शाळा भरते हो, रेकॉर्डला २०० च्या वरच असतात. पण आमच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या लागतात, नवराबायकोचा मिळून एक कोयता, त्याची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेऊन लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्च झालेली असते, मग न जाऊन सांगता कुणाला? सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकात बेळगावकडं. पोरगं बरोबर जातं कारण मागं सांभाळायला कुणी नसतं, आणि पोरगी मोठी होत असेल तर तिला मागं ठेवायची आईबापाला भीती वाटते. परत येतात ते मार्च एप्रिलला. आता तुम्हीच हिशोब करा, त्या २०० मधले अशा पोरांच्या वाट्याला किती आले? जून ते ऑक्टोबर, त्यात सणवार, पोळा, गणपती, शेतातली कामं. शंभरसुद्धा भरत नाहीत.

एका पोरीचं सांगतो, नाव लिहीत नाही. तिसरीत होती. ऑक्टोबरला गेली तेव्हा सावकाश का होईना पण वाचायची, जोडाक्षराला अडखळायची एवढंच. गुढीपाडव्यानंतर आली. मी मुद्दाम तेच पान काढून दिलं जे जायच्या आधी तिनं वाचून दाखवलं होतं. "पाऊस" या शब्दावर बोट ठेवून बसली. प म्हणाली, मग काना म्हणाली, ऊ म्हणाली, स म्हणाली, आणि चारही एकत्र काय होतात ते काही तिला सुचेना. बोटांवर उसाच्या पाचटाच्या पात्यानं कापल्याचे बारीक बारीक व्रण, नखं काळी. सहा महिने ती कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) धाकट्या भावाला सांभाळत होती आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या, पेंढ्या बांधत होती. मग मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या, तर तिनं वहीत इतक्या सुंदर उतरवल्या की कुणी वही उघडून बघितली तर म्हणेल पोरगी हुशार आहे. वाच म्हटलं की गप्प. अक्षरं तिच्यासाठी पुन्हा चित्रं झाली होती. अशी वही तपासून बरोबरची खूण करणं फार सोपं असतं, मीही नोकरीच्या सुरुवातीला अशा कितीतरी वह्यांवर खुणा केल्यात, त्याचं आज वाईट वाटतं.

जाताना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेनं पोराला बसवून घ्यायचं. तिचं कार्ड पत्र्याच्या पेटीच्या तळाला जसंच्या तसं होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती. बापाला विचारलं तर म्हणाला, "गुर्जी, रातच्याला गाडी भरायला उठावं लागतंय, साळा कुठंय ते बघायला टाइम कुनाला?" आणि कर्नाटकात गेलं तर शाळा कन्नड, तिथं ते कार्ड दाखवून तरी काय होणार.

याच्यावर सरकारचा उपाय आहे, हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडं पोरं राहतात आजीआजोबांकडं आणि सकाळ संध्याकाळचं जेवण शाळेत मिळतं. माझ्या अनुभवात याच्याइतकी कामाची योजना दुसरी नाही. पण मंजुरी यायची कधी? एका वर्षी आमच्याकडं आली डिसेंबरात, टोळ्या जाऊन दीड महिना झाल्यावर. तेव्हा वसतिगृह सुरू झालं ते जी पोरं गावातच राहणार होती त्यांच्यासाठी. जिच्यासाठी योजना होती ती उसाच्या फडात.

आता दुसरे दिवस, म्हणजे गुरुजींचे. आमची शाळा दोन शिक्षकांची, वर्ग पाच. एकजण गेला की पाचही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. आणि जावं लागतं कशाकशाला, तर मतदार यादीचं बीएलओचं (मतदान केंद्र पातळीवरच्या अधिकाऱ्याचं) काम, कसले ना कसले सर्व्हे, ऐन सत्रात ट्रेनिंग, केंद्रावर मीटिंग. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढंच सांगितलंय, पण निवडणुकीच्या नावाखाली यादीचं काम वर्षभर पुरतं. जे शाळेत बसून करायचं ते वेगळंच, खिचडीला आज किती ताटं, तांदूळ किती, मटकी किती, ऑनलाइन भरा, फोटो टाका, रेंज नसली तर टेकाडावर जाऊन टाका. आधारचं तर विचारूच नका. पोरगं डोळ्यासमोर पहिल्या बाकावर बसलेलं असतं, पण आधार व्हॅलिड झालं नाही तर ते संचमान्यतेत (पोरांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरवतात ती) धरत नाहीत, आणि पट कमी दिसला की शिक्षकाचं पद जातं. म्हणून शिक्षक ळ शिकवायचा सोडून पोराच्या बोटांचे ठसे उमटतायत का ते बघत तालुक्याला फिरतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेच्या नियमानं वर्षाचं अनुदान १० हजार. त्यात लाइट बिल, खडू, कागद, झाडू, नळाची तोटी, सगळं. देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असं कोठारी आयोगानं १९६६ ला सांगितलं, ते अजून झालेलं नाही. त्याच्याही आधी, १८८२ ला, महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं सांगितलं होतं की महसूल येतो शेतकऱ्याच्या कष्टातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांवर, आणि प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. मला हे वाचताना दरवेळी पोटात तुटतं, कारण आमच्या पोरांचे बाप आजही साखर तयार करतात आणि त्यांच्या शाळेला १० हजार.

आता पट कमी झाला म्हणून शाळा एकत्र करायचं चाललंय. राज्यात २० च्या आत पट असलेल्या शाळा १४ हजारांहून जास्त आहेत, २०२३ ला त्यांच्यासाठी समूह शाळेची कल्पना आली. मोठी शाळा, सोयी चांगल्या, कागदावर ठीक वाटतं. पण वस्तीवरची सहा वर्षांची पोरगी ओढा ओलांडून तीन किलोमीटर जाईल का? मुलगा जाईलही, गाडीची सोय झाली तर. पोरीला आई म्हणेल राहू दे घरी, बकऱ्या सांभाळ. आणि पट कमी का झाला तर ज्यांच्याकडं चार पैसे होते त्यांनी पोरं तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घातली. सरपंचाचं पोरगं गेलं, शिक्षकांचं गेलं. माझा मोठा मुलगाही तिथंच शिकला, धाकटीला मात्र मी माझ्याच शाळेत घातलं. ज्यांच्या शब्दाला गावात वजन होतं ते असे एकेक करून गेले आणि मागं उरले ते पालक वर्षातले सहा महिने गावातच नसतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत असं कायदा म्हणतो, पण जानेवारीच्या मीटिंगला येणार कोण?

ती पोरगी पुढं कशी झाली विचाराल, तर एप्रिलचे राहिलेले दिवस आणि मे महिन्यात रोज सकाळी तास दीड तास अशा अकरा पोरांना घेऊन बसलो. इयत्ता बघितली नाही, ज्याला जिथून येत नाही तिथून सुरू केलं. जूनला ती पुन्हा वाक्य वाचायला लागली. चौथीच्या दसऱ्याला तिला न्यायचं नाही म्हणून मी तिच्या घरी पाच चकरा मारल्या, शेवटी आजी तयार झाली, म्हणाली, "दोन टाइमाचं तुमी बघा, निजायला माज्यापाशी." त्या वर्षी मंजुरी यायच्या आधी दीड महिना गावातल्या किराणा दुकानदारानं उधारीवर पीठ मीठ दिलं, पैसे नंतर घेतले.

तुम्ही शेवटी विचारलंय की शहरात बसून मी काय करू शकतो. वह्या दप्तरं वाटू नका, ती आमच्याकडं पडून आहेत. ऊसतोडीच्या पट्ट्यात तुमचं गाव असेल तर ऑगस्टमध्येच शाळेत जाऊन विचारा की यंदा किती पोरं जाणार, वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का, गेला असेल तर पंचायत समितीत कुणाच्या टेबलावर अडकलाय, आणि तिथं जाऊन उभे राहा. शिक्षकानं विचारलं तर नोटीस येते, बाहेरच्यानं विचारलं तर फाइल हलते. आमचा प्रस्ताव या वर्षी जुलैतच दिलाय, सतरा पोरांची नावं आहेत. नऊ जणांचे आजीआजोबा तयार झालेत. आठ घरांत अजून जायचंय.