दुखत नसलेल्या अक्कलदाढेभोवती ओपीजीत काळी सावली दिसली, तर शस्त्रक्रिया खरेच लागते का?

तुमच्या २६ वर्षांच्या भावाला दातांना तारा लावायच्या होत्या. त्यासाठी काढलेल्या ओपीजीत, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या एकत्र क्ष-किरण चित्रात, खालच्या डाव्या बाजूला, हाडात आडव्या अडकलेल्या अक्कलदाढेभोवती सुमारे अडीच सेंटिमीटरची काळी सावली निघाली. एका डॉक्टरांनी ‘दाढ काढली की विषय संपला’ असे सांगितले, तर दुसऱ्यांनी आधी सीबीसीटी (जबड्याचे त्रिमितीय स्कॅन), मग बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) आणि अहवाल पाहून शस्त्रक्रिया, असा क्रम सुचवला. त्याला काहीच दुखत नसताना हा खर्च उगाच तर होत नाही ना, असा तुमचा प्रश्न आहे. मी जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो. चित्र न पाहता निदान करणे योग्य नाही, पण तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे पटते.

दुखत नाही, यावर फारसे विसंबू नये. जबड्याच्या आत वाढणारी पिशवी, म्हणजे सिस्ट, तिच्यात पू होईपर्यंत किंवा हाड बाहेरून फुगेपर्यंत बहुधा गप्प असते. शिवाय क्ष-किरण चित्रात हाड काळे दिसू लागते, तेव्हा त्या जागचे ढोबळमानाने ३० ते ५० टक्के खनिज आधीच गेलेले असते. म्हणजे जी सावली आज ठळक दिसते, ती बरेच दिवस वाढत आलेली असणार.

अर्थात प्रत्येक काळी सावली म्हणजे आजार नव्हे. न उगवलेल्या दाताभोवती एक नैसर्गिक आवरण असते आणि त्याची दोन-तीन मिलिमीटरची काळी कड चित्रात दिसणे स्वाभाविक आहे. ती पाच मिलिमीटरच्या पुढे गेली की आम्ही सावध होतो. जबड्याच्या कोनाजवळ, हाडातून जाणाऱ्या नसेच्या नळीच्या खाली, एक लंबगोल काळा ठिपका कधीकधी दिसतो. तो लाळग्रंथीमुळे हाडाला पडलेला खळगा असतो. स्टाफने यांनी १९४२ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि त्याला हात लावायचा नसतो. तुमच्या भावाची सावली दाढेला वेढून आहे, त्यामुळे हा प्रकार येथे लागू होत नाही.

ओपीजी पडद्यावर आली की मी प्रथम सावलीच्या कडेची पांढरी रेषा शोधतो. ती बारीक, अखंड आणि रेखीव असेल, तर वाढ संथ आहे असे समजायचे. कडा वाळवीने खाल्ल्यासारखी, तुटक असेल आणि त्यातच ओठ बधिर झाला असेल, तर मात्र एक दिवसही दवडू नये. नंतर ती रेषा दाढेला कोठे येऊन मिळते, हे पाहतो. ती दाढेच्या मानेशी मिळत असेल, तर डेंटिजेरस सिस्टची, म्हणजे न उगवलेल्या दाताच्या आवरणातून वाढणाऱ्या पिशवीची, शक्यता वाढते. शेजारच्या दाढेची मुळे तासल्यासारखी झिजली आहेत का, हेही पाहावे लागते. ती शेजारची दाढ जिवंत आहे की नाही, हे थंड कापसाचा बोळा लावून तपासायला पाच मिनिटे पुरतात, पण ही तपासणी अनेकदा राहून जाते. मेलेल्या दाताच्या मुळाशी झालेली सावली पुष्कळदा नुसत्या रूट कॅनालने भरून येते आणि चाकू लागतच नाही.

खरी अडचण अशी की डेंटिजेरस सिस्ट, केराटोसिस्ट आणि एकाच पोकळीचा अमेलोब्लास्टोमा (दात घडवणाऱ्या पेशींसारख्या पेशींची गाठ), हे तिन्ही चित्रात अगदी सारखे दिसू शकतात, आणि तिघांचे उपचार मात्र वेगळे आहेत. पहिल्यात पिशवी आणि दाढ नीट काढली, की काम सहसा संपते. अमेलोब्लास्टोमा हाडात शिरलेला असेल, तर निरोगी दिसणाऱ्या हाडाची एक ते दीड सेंटिमीटरची कड सोबत घेऊन जबड्याचा भाग कापावा लागतो. केराटोसिस्ट या दोहोंच्या मधली आणि सर्वांत फसवी आहे. ती जाळीदार हाडातून लांबीच्या दिशेने सरकत जाते, म्हणून अर्धा जबडा पोखरला तरी चेहरा सुजत नाही. तिचे अस्तर इतके पातळ असते की काढताना फाटते आणि मागे राहिलेल्या कणांतून ती पुन्हा उगवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने २००५ मध्ये तिला अर्बुद (ट्यूमर) ठरवले आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आणून बसवले. यावरून तिचा स्वभाव लक्षात यावा.

सीबीसीटीने यातले नाव कळत नाही, कारण तिच्यात मऊ ऊतींचा फरक नीट दिसत नाही. तिचा उपयोग वेगळा आहे. ओपीजी हे वळणदार जबड्याचे सपाट आणि थोडे मोठे झालेले चित्र असते. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस मुळाच्या गालाकडून जाते की जिभेकडून, हे त्यात समजत नाही. सीबीसीटीत ते मिलिमीटरमध्ये मोजता येते आणि जिभेकडची हाडाची भिंत किती उरली आहे, हेही दिसते. ओपीजीत नळीच्या पांढऱ्या रेषा मुळाशी तुटत असतील, तर मी सीबीसीटीशिवाय पुढे जात नाही.

त्यानंतर जागा बधिर करून जाड सुई आत घालतो. गवती पिवळे पाणी आले आणि उजेडात तिरपे धरल्यावर त्यात कोलेस्टेरॉलचे कण चमकले, तर थोडे हायसे वाटते. चक्क्यासारखा पांढुरका, घट्ट पदार्थ आला, तर केराटोसिस्ट मनात धरावी. काहीच आले नाही, तर आत घट्ट गाठ असू शकते. लालभडक रक्त जोरात आले, तर तेथेच थांबायचे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण आला. त्याची दाढ दुसरीकडे काढलेली होती, ‘सोबत निघालेली पिशवी’ कचऱ्यात गेली होती आणि तीन वर्षांनी सावली दुप्पट झाली होती. त्या वेळी घेतलेल्या तुकड्याचा अहवाल केराटोसिस्टचा आला. पहिल्याच वेळी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीला गेला असता, तर त्याची दुसरी शस्त्रक्रिया बहुधा बरीच लहान झाली असती.

पिशवी मोठी आणि नसेला चिकटलेली असेल, तर ती एकदम न काढता तिला खिडकी पाडून लहान नळी बसवण्याचा मार्गही आहे. पार्च यांनी १८९२ मध्ये सुचवलेल्या तत्त्वावरच हा आधारलेला आहे. रोज घरी सलाईनने पोकळी धुवायची, काही महिन्यांत ती आक्रसते, हाड भरू लागते आणि मग उरलेला भाग कमी जोखमीने काढता येतो. यात रुग्णाची चिकाटी लागते. धुणे टाळणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर ओठ काही आठवडे बधिर राहू शकतो आणि क्वचित ते कायमचे होते, हे आधी स्पष्ट सांगून घ्यावे. हाड पातळ झाले असेल, तर चार ते सहा आठवडे मऊ जेवण घ्यावे, कारण भाकरी किंवा चिक्की चावताना जबडा मोडल्याची उदाहरणे आहेत. केराटोसिस्ट निघाली, तर किमान पाच वर्षे नियमित ओपीजी काढावी लागेल. तिच्या किरणांची धास्ती नसावी. एका ओपीजीचा डोस साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट असतो, म्हणजे निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतो तेवढा.

डॉक्टर कोणतेही निवडा, पण काढलेला तुकडा तपासणीला जाणार ना, हे आधी विचारा. ओपीजीची मूळ डिजिटल फाइलही मागून घ्या, कारण मोबाइलवर काढलेल्या तिच्या फोटोत ती कडेची पांढरी रेषा धड दिसत नाही.