लहान गावाची कमाई कशाने वाढते?

तुमचा प्रश्न असा की शे-सव्वाशे घरांचं गाव, कारखाना नाही, शहर लांब. अशा गावाने कमाई वाढवायची कशी, आणि ज्यांना जमलं त्यांना कशामुळे जमलं? मी गडचिरोलीत ग्रामसभांच्या हिशेबाचं काम करतो, म्हणून इथलंच सांगतो.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड गाव. भोवती बांबूचं जंगल, पण बांबू जायचा कागद गिरणीला आणि गावाच्या वाट्याला यायची फक्त तोडणीची मजुरी. 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वन खात्याच्या हातात होता. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हवाली झालं. त्यानंतर बांबूचा भाव गाव ठरवू लागलं.

कायदा आला म्हणून जमलं, असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मेंढ्यात हक्क मिळण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून अभ्यासगट बसत होते. निर्णय सर्वसहमतीने, एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर. वेळ लागतो, पण झालेला निर्णय मग मोडत नाही.

आमच्याकडे मे महिन्यात तेंदूची फळी (म्हणजे बिडीसाठीची तेंदूपानं मोजून घेण्याची जागा) लागते तेव्हा हे नीट दिसतं. 70 पानांचा एक पुडा. ठेकेदाराच्या काळात त्याचा दिवाणजी, म्हणजे हिशेबनीस, म्हणेल तीच मोजणी, वर शेकड्यामागे चार-दोन पुडे फुकट द्यायचे. आता जिथे ग्रामसभा स्वतः तेंदू विकते तिथे गावातलीच मुलं वहीत नोंद करतात, आणि हंगाम संपल्यावर सगळा हिशेब सभेत मोठ्याने वाचला जातो. अक्षर न ओळखणारी आजीसुद्धा "माझे पुडे एवढेच कसे?" म्हणून उभी राहते, आणि उत्तर द्यावंच लागतं. गाव लहान असल्याचा खरा फायदा मला इथे दिसतो: सगळी घरं एका मांडवात बसू शकतात. जिथे वही दोघा-तिघांच्याच घरी राहिली, तिथे व्यापाऱ्याने पैसे थकवले तरी गावाला वेळेत कळत नाही.

तुम्ही भंडाऱ्याकडचे आहात. जंगल असेल तर सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी आधी तहसीलच्या अभिलेख कक्षातून गावाच्या निस्तार पत्रकाची (चराई, जळाऊ लाकूड अशा गावाच्या जुन्या वहिवाटी हक्कांच्या नोंदीची) नक्कल काढा; पुरावा म्हणून ती फार उपयोगी पडते. जंगल नसेल, तर मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बहुधा असेलच. त्यातली मासेमारी सध्या कोणाकडे आहे, किती रकमेला दिली, ती रक्कम कुठे जमा झाली, एवढं येत्या ग्रामसभेत लेखी मागा. नव्या योजनेचा अर्ज त्यानंतर करा.