सहावा की सातवा?

प्रश्न : 'फायनल फँटसी' या जपानी व्हिडिओ खेळमालिकेतील सहावा भाग श्रेष्ठ की सातवा, यावरून आम्हा भावंडांत रोज वाद होतो. दिवाळीच्या सुट्टीत एकच खेळून होईल; कोणता निवडावा?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दोन्ही कथा स्वतंत्र आहेत, त्यामुळे आधीचा भाग खेळला नाही म्हणून काही अडत नाही. १९९४ च्या सहाव्या भागात १४ पात्रे आहेत, ठरलेला असा एकच नायक नाही, आणि खलनायक केफ्का कथेच्या मध्यावरच जगाचा विध्वंस घडवतो. त्यानंतर विखुरलेल्या सोबत्यांना कोणत्या क्रमाने शोधावे, हे बहुतांशी खेळणाऱ्यावर सोपवलेले आहे, आणि माझ्या मते हेच त्याचे खरे वैभव आहे. १९९७ चा सातवा भाग ३ सीडींवर आला. त्याच्या त्रिमितीय दृश्यांनी तेव्हा डोळे दिपले होते, आज त्यातील पात्रांचे ठोकळेबाज हात पाहून हसू येते. नायक क्लाउडच्या बेभरवशाच्या आठवणींभोवती गुंफलेली कथा मात्र अजूनही पकड सोडत नाही. लढाईची पद्धत दोहोंत बरीचशी सारखी असल्याने तिच्यावरून भांडू नये. सुट्टी एवढीच असेल, तर सहावा घ्यावा. सातव्याच्या पक्षकाराची समजूत फराळाच्या ताटावर काढता येईल.