वाचकांचे प्रश्न : ओघळ पुसण्याआधी पाण्याची वाट शोधा

प्रश्न : आमच्या घराच्या बाहेरच्या भिंती आम्ही दर वर्षी जोरदार पाणी मारणाऱ्या यंत्राने धुऊन घेतो. तरीही एका बाजूच्या खिडक्यांखाली काळपट हिरवे ओघळ काही महिन्यांतच परत दिसू लागतात आणि आता तेथील रंगाचे पोपडेही निघत आहेत. पुढच्या खेपेस ॲसिड वापरा, असे धुणाऱ्या कामगाराचे म्हणणे आहे. ते ऐकावे का?

उत्तर : मुळीच ऐकू नये. गिलाव्यातले सिमेंट ॲसिडने विरघळते, त्यामुळे डागाबरोबर भिंतीचा वरचा थरही निघून जातो आणि खाली उरलेला खडबडीत पृष्ठभाग पूर्वीपेक्षा अधिक पाणी पितो. तुमचे ओघळ म्हणजे शेवाळ आणि बुरशी. त्यांना ओल मिळत राहिली, तर भिंत कितीही धुतली तरी ओघळ परत येणारच. ओघळ खिडक्यांखालीच आहेत, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्याची कड भिंतीपुढे थोडी आलेली असते. तिच्या खालच्या अंगाला बोट फिरवून पाहा. तेथे लांबट खाच असायला हवी. तिच्यामुळे पाणी कडेवरूनच खाली टपकते. रंगकाम करताना ही खाच लांबी (पुट्टी) आणि रंगाने बुजते (माझ्या पाहण्यात हे फार वेळा आले आहे) आणि मग पाणी कडेखालून मागे सरकत भिंतीवर उतरते. कट्ट्यावर तांब्याभर पाणी ओता आणि ते कोठून जाते ते पाहत उभे राहा. दोन मिनिटांत उलगडा होईल. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची बारीक छिद्रेही धुळीने बंद झाली असतील, तर ती तारेने मोकळी करावीत.

यंत्राच्या धारेबाबतही हात आखडता घ्यावा. जवळून मारलेली धार गिलाव्याच्या चिरांतून आणि खिडकीच्या सांध्यांतून पाणी आत घुसवते. तुमच्याकडच्या पोपड्यांत तिचाही वाटा असणे शक्य आहे. शेवाळासाठी मऊ ब्रश आणि बाटलीवरील प्रमाणानुसार पातळ केलेले घरगुती ब्लीच पुरते. आधी आसपासची झाडे पाण्याने भिजवावीत, हातमोजे व चष्मा घालावा, द्रावण खालून वर लावत जावे म्हणजे कोरड्या भिंतीवर त्याचे पट्टे उमटत नाहीत, आणि दहा-पंधरा मिनिटांनी वरून खाली स्वच्छ पाण्याने धुवावे. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया असलेले कोणतेही द्रव्य कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

कोठे पांढरी भुकटी दिसली, तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, आहे. तो पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात, म्हणून तो कोरड्या ब्रशनेच झाडून टाकावा. बारीक चिरा बुजवून, भिंत पूर्ण वाळू देऊन मगच नवा रंग लावावा. ओल्या भिंतीवरच्या रंगाला पुन्हा पोपडे धरतात. चीर तिरकी असेल किंवा दिवसेंदिवस रुंदावत असेल, तर मात्र ती आधी अभियंत्याला दाखवा.

प्रश्न : छपराच्या पन्हळी किती वेळा साफ कराव्यात?

उत्तर : वर्षातून निदान दोनदा : पानगळ संपल्यावर एकदा आणि पावसाआधी एकदा. जवळ मोठे झाड असेल, तर याहून अधिक वेळा. पाने हाताने काढून झाल्यावर पन्हळीत बादलीभर पाणी ओतावे. ते उतरत्या नळातून न अडता बाहेर आले पाहिजे आणि पायापासून दूर वाहून गेले पाहिजे. शिडी टेकवताना दर चार फूट उंचीमागे तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर असावा, आणि खाली धरायला कोणी नसेल, तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे.