आधी डागांचं बघा, मग अभ्यासाचं

प्रश्न : डॉक्टरबाई, माझं वय ५९. आमचं गाव कळंब तालुक्यात. पंचवीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या गावात कॅन्सरवाल्यांची गाडी आली होती. तिथल्या बायकांची पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली. आमच्याही गावात आले, नावं लिहून घेतली, माहिती सांगितली आणि गेले. तपासणी नाहीच. मला वाटायचं, आपला नंबर पुढे लागेल. आता मुलगा म्हणतो की ते मुद्दामच ठरलेलं होतं. काही गावं तपासायचीच नाहीत आणि कोण मरतं ते मोजायचं. हे खरं आहे का? आम्हाला फसवलं का? बाकी तब्येत बरी आहे. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली. मधूनच दोन-तीन दिवस डाग दिसतो, पण तो उष्णतेचा असावा.
— एक वाचक, कळंब

उत्तर : ताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत. माझ्या ओपीडीतही हेच व्हायचं. बाई अर्धा तास गुडघ्याचं सांगायची आणि दारातून बाहेर पडताना म्हणायची, "आणि हो, जरा अंगावर जातंय." पाळी जाऊन नऊ वर्षं झाल्यावर दिसणारा डाग उष्णतेचा नसतो. बऱ्याचदा कारण साधं निघतं, आतली त्वचा पातळ, कोरडी झालेली असते. पण ते तपासल्यावर म्हणायचं, आधी नाही.

काहीच त्रास नसलेल्या बाईची तपासणी करतात, ते स्क्रीनिंग. तुम्हाला त्रास आहे, तेव्हा शिबिराची वाट बघू नका. याच आठवड्यात धाराशिवच्या सिव्हिलला किंवा बार्शीला जा. स्पेक्युलम लावून आतून बघायला सांगा. गरज वाटली तर ते तुकडा काढून पाठवतील. नुसती सोनोग्राफी करून "नॉर्मल आहे" म्हणाले तर तिथून उठू नका. सोनोग्राफीत पिशवी दिसते, तोंडावरची सुरुवातीची जखम दिसत नाही.

जाऊन आलात की पुढचं वाचा. किंवा एसटीत वाचा.

तुमचा मुलगा म्हणतो त्यातलं अर्धं खरं आहे, आणि ते मी गुळमुळीत करून सांगणार नाही. त्या वर्षांत मी तुमच्याच जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर होते. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने मुंबईच्या टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर हा अभ्यास हाती घेतला होता. ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३ या काळात बायकांची नोंदणी चालली. ४९७ गावांचे ५२ गट पाडले आणि कुठल्या गटाला काय, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. १३ गटांत हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी. १३ गटांत पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. १३ गटांत व्हीआयए, म्हणजे पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगर म्हणा) लावायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का ते बघायचं. उरलेल्या १३ गटांत नेहमीचंच चालू ठेवायचं. नेहमीचं म्हणजे काय, तर काही नाही. तपासणी कुठे करून मिळेल ते सांगितलं जायचं. पण खुरपणी टाकून, काही दुखत नसताना, तालुक्याला कोण जाणार होतं? तुमचं गाव या शेवटच्या १३ गटांतलं असणार.

एकूण बायका १,३१,७४६, वय ३० ते ५९. आठ वर्षांचा हिशोब २००९ मध्ये छापून आला. एचपीव्हीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांतल्या ३४ या कॅन्सरने गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ होत्या, त्यांतल्या ६४ गेल्या. आयुष्यात एकदा, फक्त एकदा तपासून मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आणि गंमत बघा, पॅप आणि व्हीआयएच्या गटांत एका फेरीने मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे "काय उपयोगी पडतं ते माहीतच होतं, तरी या बायकांना दिलं नाही" असं म्हणणाऱ्यांचंही पूर्ण खरं नाही. श्रीमंत देशांत पॅप स्मिअर अनेक वर्षं चालू होतं हे खरं, पण ते ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा करून. आपल्याकडे एकदा गाडी येऊन जाणार, त्यात काय करावं, हा प्रश्न खरोखर सुटलेला नव्हता.

मग फसवलं का? चिठ्ठीत लबाडी नव्हती. पण नाव लिहून घेतलेल्या बाईला आपण कुठल्या यादीत आहोत आणि त्या यादीचा अर्थ काय, हे उमगलं होतं का, हा प्रश्न या अभ्यासाला आणि मुंबईतल्या वस्त्यांमधल्या तशाच अभ्यासाला विचारला गेला आहे, आणि विचारायलाच हवा होता. तुम्ही "आपला नंबर पुढे लागेल" असं समजत होतात, यातच त्याचं उत्तर आलं.

माझा स्वतःचा राग मात्र दुसऱ्या गोष्टीवर आहे. तुमच्या जिल्ह्याने जगाला एक उत्तर दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सगळ्या देशांना सांगितलं की पहिली पसंती एचपीव्ही तपासणीला द्या, तिशीनंतर, पाच ते दहा वर्षांनी एकदा. आणि आपल्याकडे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी पिशवीच्या तोंडाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. अभ्यास संपला, गाड्या गेल्या, आणि सगळा देशच त्या शेवटच्या १३ गटांत जाऊन बसला.

दुसऱ्याला कशाला बोलू? मी डॉक्टर असून माझी पहिली तपासणी ५२ व्या वर्षी केली. कारण विचाराल तर तेच, तुमचंच. काही दुखत नव्हतं.

डागांचा उलगडा झाला आणि काळजीचं काही निघालं नाही, तरी एचपीव्ही तपासणी मागून घ्या. उपकेंद्रावर व्हीआयए फुकट होते आणि तिशी-चाळिशीतल्या सुनेला ती जरूर करायला लावा. मुंबईच्या अभ्यासात दहावी झालेल्या बायकांना शिकवून दर दोन वर्षांनी ती करवली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण पाळी गेल्यावर तोंडाचा जो भाग बघायचा असतो तो आत सरकतो, त्यामुळे तुमच्या वयाला व्हीआयएचा भरवसा नाही. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, कापसाच्या काडीसारखा ब्रश असतो. लाज वाटते म्हणून टाळणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. डॉक्टरांनी एचपीव्हीची लस सुचवली. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एकीने लिहिलं की याच लशीने २०१० मध्ये मुली दगावल्या आणि सरकारने ती थांबवली. दुसरी म्हणते पुढे मूल होत नाही. तिसरी म्हणते एकच डोस पुरतो, दोनचे पैसे उगाच घेतात. काय करू?
— एक आई, पुणे

उत्तर : तिघींपैकी पहिलीने ऐकलेलं हवेतलं नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना प्रात्यक्षिक म्हणून लस दिली गेली. त्यांतल्या सात मुली नंतर वारल्या. चौकशीत लशीशी संबंध आढळला नाही. साप चावणं, पाण्यात बुडणं अशी कारणं निघाली. पण त्याच चौकशीत हेही निघालं की कितीतरी मुलींच्या संमतीच्या कागदावर आईबापाची नाही, वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. आदिवासी मुली होत्या, कोण विचारणार? २०१३ मध्ये संसदेच्या समितीने यावर चांगलेच ताशेरे ओढले. ते वाचून कुणी बिचकलं तर मी त्याला अडाणी म्हणणार नाही.

आता यातली पुढची गोष्ट, जी ग्रुपवर कुणी लिहीत नाही. त्या गदारोळात एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशातल्या या लशीच्या सगळ्याच चाचण्या थांबवल्या. तेव्हा १० ते १८ वयाच्या मुलींवर एक वेगळा अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात की तीन लागतात ते बघायला. त्यात बार्शी होतं आणि तुमचं पुणंही होतं. लसीकरण मध्येच बंद पडलं. कुणाचे तीन झालेले, कुणाचे दोन, आणि पाच हजारांच्या आसपास मुलींचा एकच. संशोधकांनी दप्तर गुंडाळलं नाही, या मुलींचा माग दहा वर्षं ठेवला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: कॅन्सर करणाऱ्या १६ आणि १८ या प्रकारांचा ठाण मांडून बसणारा संसर्ग एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या घरात रोखला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयात एक किंवा दोन डोस चालतील असं सांगितलं. त्यामागे या अपघाताने झालेल्या अभ्यासाचाही हात आहे.

म्हणून तिसरी पालक चुकीची नाही. तरी तुमच्या मुलीला मी दोनच देईन. तो अभ्यास परदेशी कंपनीच्या लशीवर होता. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या सीरम कंपनीच्या सर्व्हाव्हॅक या लशीला आपल्याकडे १४ वर्षांपर्यंत दोन डोसांची मान्यता आहे, सहा महिन्यांच्या अंतराने, आणि बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच सांगते. दुसरा डोस हुकला म्हणून मात्र जीव टांगणीला लावू नका.

मूल होत नाही म्हणणाऱ्या दुसरीला पुरावा मागा. तसा पुरावा नाही. आणि लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकत नाही, हे मुलीला मोठी झाल्यावर सांगा.

प्रश्न : मिस्टरांच्या कंपनीतर्फे 'फुल बॉडी' पॅकेज केलं. सीए-१२५ हा अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर ३१ आलाय, मर्यादा ३५. दर वर्षी करून घ्यावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर हे करून बघितलं, सोळा वर्षं पाठपुरावा ठेवला. २०२१ चा निकाल असा की दर वर्षी सीए-१२५ किंवा सोनोग्राफी करूनही अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. एंडोमेट्रिओसिस असो, गाठी असोत की पाळीचे दिवस असोत, हा आकडा कशानेही वाढतो आणि मग घरभर झोप उडते. आई-बहिणीला हा कॅन्सर झालेला असेल तर गोष्ट वेगळी, तसं असेल तर पुन्हा लिहा. तुमच्या त्या पॅकेजमध्ये साठ चाचण्या असतील. एचपीव्ही आहे का तेवढं बघा. मी पैजेवर सांगते, नसेल.

प्रश्न : आईला (वय ५४) पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, स्टेज ३ बी. एक डॉक्टर म्हणतात आधी सहा आठवडे केमो, मग शेक. दुसरे म्हणतात थेट शेक आणि बरोबर केमो. शेजारचे म्हणतात डॉक्टर प्रयोग करतायत. आम्ही नांदेडचे, कुणाचं ऐकावं?
— एक मुलगा, नांदेड

उत्तर : बाळा, शेजाऱ्यांचं सोडून कुणाचंही. दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्याला आधार आहे.

सहा आठवड्यांचं जे आहे, त्याला इंटरलेस म्हणतात. ब्रिटनमध्ये आखलेला अभ्यास, पाच देशांतल्या ५०० रुग्ण, भारतातल्याही होत्या. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही जुनी, परवडणारी औषधं दर आठवड्याला, अशी सहा वेळा, आणि सातव्या आठवड्यात लगेच शेक, बरोबर नेहमीची केमो. पाच वर्षांनी त्या गटातल्या १०० पैकी ८० हयात होत्या, थेट शेक आणि बरोबर केमो घेतलेल्यांत ७२. नवीन औषध नाही, नवा कारखाना नाही, नुसती आधी सहा आठवडे जुन्या औषधांची भर घालून शंभरात आठ जीव. पण त्यातल्या बहुतेक रुग्ण दुसऱ्या स्टेजच्या होत्या, ३ बीच्या थोड्या. त्रासही जास्त होतो. रक्तपेशी खाली येतात.

३ बीवरचा मोठा अभ्यास टाटातच झाला, ८५० बायकांवर. नुसता शेक घेतलेल्यांत पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या, शेकाबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन ही केमो घेतलेल्यांत ५४. म्हणजे दुसरे डॉक्टरही पक्क्या जमिनीवर आहेत.

आईचा क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) किती आहे? ३ बीमध्ये मूत्रनळी दाबली जाऊन किडनी अडकू शकते, आणि केमो कोणती झेपेल ते त्यावर ठरतं. हा आकडा आणि हिमोग्लोबिन घेऊन पहिल्या डॉक्टरांना विचार, "सहा आठवडे संपल्यावर सातव्या आठवड्यात शेकाची मशीन मिळेल याची तारीख देता का?" तारीख देत असतील तर त्यांचं ऐकायला माझी हरकत नाही. "तेव्हा बघू" म्हणाले तर थेट शेक सुरू कर. केमो संपवून महिनाभर मशीनच्या रांगेत बसणं हा त्या अभ्यासातला उपचार नव्हे.

आणि बाहेरचा शेक संपला की आतला शेक असतो, नळी घालून देतात तो. बाहेरच्या शेकाने रक्त थांबतं, बाईला बरं वाटतं, घरचे म्हणतात आता कशाला, आणि गावी घेऊन जातात. असं करू नकोस. दोन्ही मिळून आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हायला हवं. महात्मा फुले योजनेचं कार्ड आजच काढून ठेव, आणि आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर शेक सुरू झाल्याची तारीख मोठ्या अक्षरात लिही. तिथून छप्पन्न दिवस मोज.