बकीच्या कोळीवाड्यातले पूर्वज: एकाच नावाचे चार जेम्स कोवी कसे वेगळे करायचे?

तुम्ही विचारलंत, नोंदींत एकाच नावाचे चार जेम्स कोवी दिसतात, त्यातले आपले कोणते? तुमच्या नवऱ्याचे पणजोबा स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बकी गावचे मच्छीमार, आणि त्या काळात तिथे जिकडेतिकडे कोवी आणि स्मिथ. मग नुसत्या नावावरून शोधत बसू नका, टोपणनाव शोधा. या वस्त्यांत आडनावं मोजकीच, म्हणून प्रत्येक घराला 'टी-नेम', म्हणजे ओळखीचं टोपणनाव असायचं: शेव्ही, टूथी, लॅटिन, स्नफर्स असली भन्नाट नावं. ती नुसती गावगप्पांत नव्हती. सरकारी नोंदींतही आडनावाला जोडून लिहिलेली सापडतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी तेच विचारा.

मग 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर जा. जन्म-लग्न-मृत्यूची सक्तीची नोंद १८५५ पासून आहे. लग्नाच्या नोंदीत वधू-वर दोघांच्याही आईचं माहेरचं आडनाव मिळतं, १८६१ पासूनच्या जन्मनोंदीत तर आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाणही. एका कागदावरून मागची पिढी हाती लागते, म्हणून मूळ नोंदीची प्रतिमा बघायला पैसे खर्च करायला कचरू नका. १८५५ च्या आधी चर्चची दप्तरं. ती तुटक असतात.

जनगणनेत पणजोबा घरी दिसले नाहीत तर घाबरू नका, त्या रात्री ते बोटीवर असतील. १८६१ पासून जहाजांच्या वेगळ्या याद्या आहेत. नावं ठेवण्याची रीतही मदत करते: थोरल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचं नाव देत, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. हा अंदाज म्हणून वापरा, पुरावा म्हणून नाही.