भिशी लागली म्हणून तीस हजारांचं भांडं घ्यावं का?

प्रश्न : आम्ही खानापूरला राहतो. मिस्टर बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, पगार 26,000. मी बारा जणांचे डबे करते, खर्च जाऊन महिन्याला 8,500 सुटतात. दहा जणींची भिशी आहे, महिना 3,000. तिसऱ्याच महिन्यात मला लागली आणि 30,000 हातात आले. एनॅमलचा मुलामा दिलेलं, बिडाचं, झाकणाचं फ्रेंच भांडं बरेच दिवस मनात आहे. 26 सेंमीचं 29,500 ला मिळतंय. आयुष्यभराची वॉरंटी आहे, मटणाच्या ऑर्डरीही वाढतील. बँकेत 18,000 आहेत, जूनमध्ये मुलीची 12,000 फी भरायची आहे. घेऊ का?

उत्तर : ताई, या महिन्यात नको. भांडं वाईट आहे म्हणून नव्हे. ज्या पैशांतून ते घ्यायचं म्हणता, ते पैसे अजून तुमचे झालेलेच नाहीत.

भिशी शेवटी लागली असती तर ती तुमची साठवण होती. तिसऱ्या महिन्यात लागली म्हणजे तुम्ही भरलेत 9,000 आणि उचललेत 30,000. मधले 21,000 ही बाकीच्या नऊ जणींची बिनव्याजी उसनवारी आहे, आणि ती सात हप्त्यांत फेडायची आहे. बँकेचं कर्ज थकलं तर नोटीस येते. भिशीचा हप्ता थकला तर शेजारणीच्या दारात मान खाली घालून उभं राहावं लागतं, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. आज भांडं घेतलंत तर हातात उरतील 500. जूनची फी भरल्यावर बँकेतले 6,000 धरून सगळं घर 6,500 रुपयांवर उभं राहील. पावसाळ्यात तुम्ही दहा दिवस तापाने पडलात आणि डबे बंद राहिले, तर हप्ता कुठून देणार?

म्हणून 21,000 आजच वेगळ्या बचत खात्यात टाका आणि दर महिन्याचा हप्ता तिथूनच भरा. डब्याच्या कमाईतून जाणारे 3,000 मग मोकळे होतील. ते सातही महिने बँकेत साठवा, खर्चात मिसळू देऊ नका. घराची गंगाजळी निदान एक महिन्याच्या खर्चाएवढी होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

आता ऑर्डरींचं. 26 सेंमीच्या भांड्यात साधारण सव्वापाच लिटर मावतं. बारा जणांना तीन किलो मटण आणि माणशी वाटीभर रस्सा धरला तरी ते काठोकाठ भरून वर उरेल. तांबड्या रश्श्याची चव भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात आणि चटणीत असते, तुमच्या हातात असते. डब्यांसाठी लागतं ते जाड बुडाचं मोठं पातेलं, आणि ते याच्या कितीतरी कमी पैशांत येतं. शिवाय अशा भांड्यांची आयुष्यभराची वॉरंटी बहुतेक वेळा फक्त घरगुती वापरासाठी आणि बनावटीतल्या दोषांसाठी असते. हातातून पडून टवका उडाला, रिकामं तापवून मुलामा तडकला, तर ती लागू होत नाही. धंद्यासाठी वापरलं तर सहसा बादच. तेव्हा हे भांडं धंद्याच्या खात्यात धरूच नका. ही घरची हौस आहे. हौस वाईट नसते, फक्त तिचे पैसे हौसेच्याच खात्यातून जायला हवेत.

आणि ही हौस मला मनापासून पटते. माझ्या आईकडे बिडाचा तवा आहे, त्यावरच्या घावनाला तोड नाही. पण त्याच बिडाच्या कढईत चिंचेची आमटी केली की ती काळपट होते आणि लोखंडाची चव उतरते. मुलाम्याचा उपयोग तिथेच. खानापूर कुंभारकामाचं गाव, तेव्हा झिलई, म्हणजे मातीच्या भांड्यावरचा काचेचा थर, तुम्हाला सांगायला नको. हा मुलामाही काचच, सुमारे 800 अंशांच्या भट्टीत बिडावर वितळवून बसवलेली. त्यामुळे आमसुलाचं सार असो की टोमॅटोचा रस्सा, आंबटाचा त्रास नाही, आणि पितळेसारखी कल्हईही लावावी लागत नाही. गॅसची धास्ती घेऊ नका. बारीक आचेवर तीन तास शिजवलं तर साधारण दीडशे ग्रॅम गॅस जातो. 14.2 किलोचा सिलिंडर 900 रुपयांना धरला तर नऊ-दहा रुपये.

फ्रेंच नावांचा दबदबा उगाच नाही. ल क्रूझे ही कंपनी 1925 पासून हेच काम करते आहे, स्टाउब ही दुसरी 1974 पासून. मुलाम्याची सफाई आणि टिकाऊपणा यांचे पैसे ते घेतात. तरी पाच-सात हजारांच्या आसपास मिळणारं साधं भांडंही नीट वापरलं तर वर्षानुवर्षं चालतं. नीट म्हणजे रिकामं तापवायचं नाही, गरम भांड्यात गार पाणी ओतायचं नाही, आच मध्यमच्या वर न्यायची नाही, आणि कालथा लाकडाचा. आमच्या घरी यातला पहिलाच नियम मोडला. गॅसवर रिकामं राहिलं आणि तळाशी जाळीसारख्या चिरा पडल्या. भांडं महाग असतं तरी पडल्याच असत्या.

तेव्हा जूनची फी भरून झाली की जुलैत, भिशीतल्या तुमच्या स्वतःच्या 9,000 मधून 24 सेंमीचं, चार लिटरच्या आसपासचं साधं भांडं घ्या. चार माणसांच्या घराला ते पुरतं. वर्षभर वापरूनही फ्रेंचच हवं वाटलं तर भिशी संपल्यावर बँकेत महिना 1,500 चं आवर्ती खातं उघडा, वीस महिन्यांत व्याज सोडून 30,000 होतील. पोस्टाचं यासाठी नको, ते पाच वर्षांचं असतं आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही. दुकानदार बिनव्याजी हप्ते देऊ करेल. तेव्हा रोखीने घेतलं तर किती सूट, एवढं विचारा. जी सूट हप्त्यांत मिळत नाही, तेच व्याज.

खरेदीला यजमानांना घेऊन जा. ओतकाम त्यांच्या रोजच्या नजरेखालचं आहे. झाकण घट्ट बसतं का, बूड सपाट आहे का, आतल्या मुलाम्यात टाचणीएवढीसुद्धा छिद्रं आहेत का, हे ते माझ्यापेक्षा चांगलं बघतील. झाकणाची मूठ प्लास्टिकची नको, स्टीलची घ्या. आणि 26 सेंमीच्याच मोहात पडलात तर ते रिकामंच पाच किलोच्या घरात असतं. पाण्याच्या एकेक लिटरच्या तीन बाटल्या त्यात ठेवून दोन्ही हातांनी शेगडीच्या उंचीपर्यंत उचलून बघा. मनगट थरथरलं तर लहानच घ्या.